भावाच्या बुकी लायसन्ससाठी माझी एफडी तारण ठेवू का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून):

मी ५४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. धाकटा भाऊ वीसेक वर्षं पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर एका बुकीकडे क्लार्क म्हणून काम करतोय. त्याचे मालक आता वयामुळे थांबतायत आणि भावाला स्वतःच्या नावाने लायसन्स घ्यायचंय. त्यासाठी रेस चालवणाऱ्या क्लबला २० लाखांची बँक गॅरंटी द्यायची आहे. बँक म्हणते नवीन धंदा, नवीन खातं, तेव्हा पूर्ण रकमेची एफडी तारण ठेवा. भावाकडे ६ लाख आहेत, उरलेल्या १४ लाखांसाठी तो माझी एफडी मागतोय आणि गॅरंटर म्हणून सहीसुद्धा. म्हणतो, ताई पैसे कुठे जात नाहीत, एफडी तुझ्याच नावावर राहणार, व्याजही तुलाच, नुसता एक कागद आहे. वडिलांनंतर गावचं घर मी हक्कसोड करून त्याला दिलं, पण ते घर तारण ठेवायला वहिनी तयार नाही. ह्यांचं म्हणणं, जुगाराच्या धंद्याला एक रुपया देणार नाही. भाऊ म्हणतो दाजींना आत्ता सांगू नको, लायसन्स हातात आलं की सांगू. एका एजंटने सांगितलं की गॅरंटीऐवजी शुअरटी बॉण्ड पण मिळतो, तो विमाच असतो, काही झालं तर कंपनी भरते. मागच्या आठवड्यात मी बँकेच्या एका फॉर्मवर सही केलीय, एफडीची पावती मात्र अजून माझ्याकडेच आहे. भाऊ सरळ आहे, व्यसन नाही, कुणाचे पैसे बुडवणारा नाही. नाही म्हटलं तर तो तुटेल. सही करून मोकळी होऊ का?

ताई,

आधी माझं मत सांगते, कारण तुमच्या पत्रातली घाई दिसतेय. ज्या स्वरूपात ही मागणी तुमच्यापुढे आलीय त्या स्वरूपात सही करू नका. भावाला मदतच करू नका असं मी म्हणत नाहीये, आणि तो खोटा आहे असं तर मुळीच नाही. पण तुमच्या पत्रात काही गोष्टी तुम्ही धरून चालला आहात, त्या एकेक करून बघू, कारण त्यातली निम्मी गृहीतकं तुमची नाहीतच, कुणीतरी तुम्हाला सांगितलेली आहेत.

पहिला मुद्दा ह्यांचा, जुगाराचा. मिस्टरांना रेस आवडत नसेल तर तो त्यांचा हक्क आहे आणि घरातल्या पैशावर बोलायचाही हक्क आहे. पण कायद्याच्या दृष्टीने तुमचा भाऊ जे करू बघतोय ते बेकायदा नाही. लायसन्स असलेल्या रेसकोर्सवर, ठरवून दिलेल्या जागेत, लायसन्स असलेल्या बुकीकडे घोड्यावर पैसे लावणं आपल्या राज्याच्या जुगारविरोधी कायद्यातून, म्हणजे १८८७ च्या कायद्यातून वगळलेलं आहे. रेसकोर्सच्या लायसन्सचा कायदा १९१२ पासूनचा आहे. आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने के. आर. लक्ष्मणन यांच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नाही. तेव्हा घरी हा वाद 'चांगला धंदा की वाईट धंदा' असा चालू राहिला तर तो कधीच संपणार नाही आणि खरा प्रश्न बाजूला पडेल. तुमच्या एफडीला धोका आहे की नाही हे घोड्यांच्या पावित्र्यावर ठरत नाही, गॅरंटीच्या कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतं.

आता क्लबला गॅरंटी लागतेच कशाला हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्याची गोम आहे. रेसकोर्सवर पैसे लावायचे दोन मार्ग असतात, टोट आणि बुकी. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, क्लब त्यातून कमिशन आणि टॅक्स कापतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो, म्हणजे कुठलाही घोडा आला तरी पैसे द्यायला पूल असतोच. बुकीचं तसं नसतं. तो भाव लावतो आणि त्या भावाने पैसे देण्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतो. समजा एका रेसमध्ये आठास एक भाव असलेल्या घोड्यावर तिघांनी प्रत्येकी २०,००० लावले आणि बाकी सगळ्या घोड्यांवर मिळून २ लाख जमा झाले. तोच घोडा आला तर बुकीला त्या तिघांचे ६०,००० परत करून वर ४ लाख ८० हजार द्यायचे, एकूण ५ लाख ४० हजार. आणि हातात आलेत २ लाख ६० हजार. एका रेसमध्ये २ लाख ८० हजारांचा खड्डा, आणि दिवसात अशा कितीतरी रेस असतात. मुरलेला बुकी वेळेवर भाव खाली आणतो, दुसऱ्या बुकीकडे भार उतरवतो (म्हणजे त्याच घोड्यावर स्वतः तिकडे पैसे लावून ठेवतो), त्याचंच तर कौशल्य असतं, पण एखादा दिवस वाईट जाणं हे त्या धंद्यात अपघात नसून नेहमीचंच आहे.

आणि ज्याने पैसे लावले त्याची बाजू बघा. इंडियन काँट्रॅक्ट ॲक्ट १८७२, कलम ३०, पैजेचा करार कोर्टात टिकत नाही, जिंकलेले पैसे मिळावेत म्हणून दावा लावता येत नाही. त्याच कलमात घोड्यांच्या शर्यतीला एक सूट आहे, पण ती विजेत्याला द्यायच्या ५०० रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी जमा केलेल्या पैशांपुरती, बुकीकडे लावलेल्या पैशांना ती लागू नाही. म्हणजे बुकीने हात वर केले तर त्या माणसाला कोर्टाचा आधार नाही, त्याला आधार काय तो क्लबच्या नियमांचा आणि बुकीने ठेवलेल्या सिक्युरिटीचा. म्हणून मला ही गॅरंटीची अट अगदी योग्य वाटते, ती नसेल तर सामान्य माणसाने कुणाच्या भरवशावर पैसे लावायचे? पण ती अट कुणाच्या रक्षणासाठी आहे ते लक्षात घ्या. क्लबचं येणं आणि पैसे लावणारा यांच्यासाठी. तुमच्या भावासाठी नाही, आणि तुमच्यासाठी तर नाहीच नाही. तुम्ही त्या रांगेत सगळ्यात शेवटी आहात, आणि पैसे मात्र तुमचे सगळ्यात आधी जाऊ शकतात.

कसे, ते सांगते, म्हणजे 'नुसता एक कागद' काय असतो ते कळेल. बँक क्लबला लिहून देते की तुम्ही मागणी केली की आम्ही इतकी रक्कम बिनशर्त देऊ. उद्या क्लबने पत्र पाठवलं की या बुकीकडून इतकं येणं आहे, गॅरंटी इन्व्होक करतोय, म्हणजे गॅरंटीचे पैसे मागतोय, की बँक पैसे देते. भाऊ म्हणाला हिशोब चुकलाय, वाद आहे, तरी बँक ते ऐकत बसत नाही. कोर्टात जाऊन स्टे आणायचा तर उघड आणि गंभीर फसवणूक किंवा कधीच भरून न येणारं नुकसान, असं काहीतरी दाखवावं लागतं, आणि कोर्ट अशा बाबतीत फार कडक असतात, गेली कितीतरी वर्षं सुप्रीम कोर्टाने हीच रेघ धरलीय. बँकेने क्लबला पैसे दिले की बँक लगेच लियन, म्हणजे तारणाचा हक्क, असलेली एफडी मोडते. तुम्हाला नोटीस येईल तेव्हा बहुतेक काम झालेलं असेल. पैसे कुठे जात नाहीत हे भावाचं वाक्य गॅरंटी इन्व्होक होईपर्यंतच खरं आहे.

बरं, इन्व्होक झालीच नाही असं धरू. तरी ती एफडी तुमची राहते का? नावाने राहते. पण लियन लागलं की ती मोडता येत नाही, त्यावर लोन काढता येत नाही, घरात कुणाचं ऑपरेशन निघालं तरी बँक हात जोडेल. शिवाय गॅरंटीची मुदत संपल्यावरही क्लेम पिरियड, म्हणजे पैसे मागायची वाढीव मुदत, असतो, कधीकधी तो वर्षभराचासुद्धा असतो, आणि मूळ गॅरंटी परत येईपर्यंत किंवा तो काळ उलटेपर्यंत बँक लियन काढत नाही. आणि भावाचा धंदा चालला तर? तर दर वर्षी गॅरंटी रिन्यू करायची, म्हणजे धंदा चांगला चालला तरी तुमची एफडी अडकलेलीच. तुम्ही चार वर्षांत रिटायर होणार, तेव्हा हे १४ लाख तुम्हाला लागणार आहेत की नाही, ते पत्रात कुठेच नाही, आणि मला तेच सगळ्यात आधी विचारावंसं वाटलं.

दुसरी सही, गॅरंटरची, ती तर एफडीपेक्षाही मोठी आहे आणि त्याबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंय. काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम १२८ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. आधी भावाकडे वसुली करा, जमलं नाही तर माझ्याकडे या, असं बँकेला सांगता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच ते निकालात काढलंय. नुसतं लियन असेल तर तुमचा धोका साधारण १४ लाखांवर थांबतो. पर्सनल गॅरंटी दिली तर तो आकडा फॉर्मवर जो लिहिला असेल तो, वर व्याज आणि खर्च, आणि मग तुमचा पगार खात्यातला, तुमच्या नावावरचं जे काही असेल ते सगळं त्याच्या आवाक्यात येतं. बँकेच्या छापील फॉर्ममध्ये बऱ्याचदा अशीही वाक्यं असतात की अटी बदलल्या, मुदत वाढवली तरी जामीनदाराची हरकत नाही. कायद्याने तुम्हाला दिलेलं संरक्षण (कलम १३३ वगैरे) तुम्ही तिथेच सही करून सोडून देता. हे सगळं वाचायला कुणाला वेळ नसतो, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवलेली असते आणि आपण तिथे सही करतो.

'भाऊ सरळ आहे' याबद्दल. माझा विश्वास आहे. पण गॅरंटी त्याच्या स्वभावाची नाहीये, त्याच्या धंद्याची आहे. सरळ माणसाचा क्लार्क भाव चुकीचा लिहू शकतो. सरळ माणसाचे दोन शनिवार-रविवार सलग वाईट जाऊ शकतात. सरळ माणसाकडे ओळखीचा पंटर, म्हणजे पैसे लावणारा, उधारीवर लावतो आणि हरल्यावर फोन उचलत नाही. आणि टॅक्सचं बघा: जीएसटी आला तेव्हापासून, म्हणजे जुलै २०१७ पासून, रेसच्या बेटवर, म्हणजे पैजेवर, २८ टक्के होता, तोही बुकीच्या नफ्यावर नाही तर लावलेल्या पूर्ण रकमेवर, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. एवढा टॅक्स लायसन्सवाल्याकडे भरायचा आणि बाहेरच्या बेकायदा बुकीकडे शून्य, मग गिऱ्हाईक कुठे ओढलं जातं हे तुमच्या भावाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. त्याच्या मालकांनी ज्या काळात पैसा कमावला तो काळ वेगळा होता. त्याने वीस वर्षं काम पाहिलंय हे खरंच मोठं भांडवल आहे, पण क्लार्क असताना वाईट दिवसाचं नुकसान मालकाचं होतं, आता ते त्याचं आणि तुमचं होईल.

या धंद्यात एक मोह पण आहे, तो स्पष्ट बोलायला हवा. वहीबाहेरची बेट. टॅक्स वाचतो, गिऱ्हाईक खूश, फोनवर होऊन जातं. कोर्सबाहेर, लायसन्सच्या कक्षेबाहेर घेतलेली बेट म्हणजे सरळ गुन्हा, त्यात लायसन्स जातं आणि सिक्युरिटीवरही गदा येते. भावाला हे तोंडावर विचारा. तो चिडला तरी विचारा. तुमचे १४ लाख मागणाऱ्याला तुम्ही एवढं विचारू शकता.

आता घराबद्दल. हे लिहिताना मला जरा जड जातंय पण लिहिते. वडिलांचं घर तुम्ही हक्कसोड करून भावाला दिलं. आपल्याकडे हजारो बहिणी हे करतात, कुणी प्रेमाने करतात, कुणी माहेर टिकावं म्हणून, आणि त्यानंतर परत कधी त्या विषयावर बोलत नाहीत. ते घर आज त्याच्या नावावर आहे, आणि धंदाही त्याचाच आहे. मग तारण ठेवायला पहिलं ते घर का नाही? वहिनी तयार नाही म्हणून. वहिनीचं मला चूक वाटत नाही, डोक्यावरचं छप्पर बुकीच्या धंद्यात अडकवू नये असं तिला वाटणं हा शहाणपणाच आहे. पण मग तोच शहाणपणा तुम्ही दाखवला की ते बहिणीने पाठ फिरवणं कसं होतं? तिची सावधगिरी ती सावधगिरी आणि तुमची सावधगिरी म्हणजे प्रेम कमी, असं का? तुम्ही एकदा तुमचा वाटा दिलेला आहे, ताई. दुसऱ्यांदा देताना निदान मोजून द्या.

आणि दाजींना सांगू नको, हे मला अजिबात पटलं नाही. एफडी जॉइंट नावाने असेल तर लियनसाठी त्यांचीही सही लागण्याची शक्यता आहे, पावती काढून नावं बघा. एकट्याच्या नावावर असली तरी नवऱ्यापासून लपवून केलेला जामीन ज्या दिवशी बाहेर येतो त्या दिवशी पैशापेक्षा मोठं काहीतरी तुटतं, आणि तेव्हा भाऊ मधे येऊ शकणार नाही. मिस्टरांना आजच सांगा, फॉर्मवर सही केल्याचं पण सांगा. त्यांना जुगाराचा मुद्दा बाजूला ठेवून नुसत्या कागदांवर बोलायला सांगा, कदाचित ते तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

एजंटच्या शुअरटी बॉण्डचं बघू, कारण हा प्रश्न मला हल्ली बऱ्याच जणांकडून येतो, रेसचा नसला तरी कॉन्ट्रॅक्टरचा, टेंडरचा. भारतात इन्शुरन्स कंपन्यांना शुअरटी बॉण्ड देता यावेत म्हणून आयआरडीएआयने, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, नियम केले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, आणि त्याचा रोख मुख्यतः रस्ते-पूल असल्या कामांवर, टेंडर, ॲडव्हान्स, काम पूर्ण करण्याची हमी यावर आहे. निव्वळ आर्थिक देण्याची हमी त्यात बसत नाही. तेव्हा बुकीच्या लायसन्ससाठी असा बॉण्ड कुणी देतंय का आणि मुख्य म्हणजे क्लब तो स्वीकारतो का, हे क्लबच्या पत्रात लेखी बघितल्याशिवाय एजंटला एक रुपया फी देऊ नका. आणि समजा मिळाला, तरी 'विमाच असतो' हे अर्धसत्य आहे. गाडीच्या विम्यात कंपनी भरते आणि विषय संपतो. बॉण्डमध्ये कंपनी समोरच्याला भरते आणि मग तेच पैसे तुमच्या भावाकडून आणि ज्यांनी ज्यांनी भरपाईच्या करारावर सही केलीय त्यांच्याकडून वसूल करते. प्रीमियम गेला तो गेला, वर देणं डोक्यावर.

परदेशातल्या वाचकांनीही हे लक्षात घ्या, विशेषतः अमेरिकेतल्या, कारण तिथे लायसन्ससाठी बॉण्ड ही रोजची गोष्ट आहे आणि मित्राच्या, मेहुण्याच्या धंद्यासाठी नवरा-बायको दोघांना इन्डेम्निटी ॲग्रीमेंटवर, म्हणजे याच भरपाईच्या करारावर, सही करायला सांगतात. तिथे बेटिंगवाल्यांकडून राखीव पैसा किंवा बॉण्ड मागण्यामागचं कारण अगदी हेच आहे. नेवाडात रेस आणि स्पोर्ट्सच्या बेट घेणाऱ्याला कमीत कमी २५,००० डॉलर, किंवा ग्राहकांचे जमा पैसे, निकाल न लागलेल्या बेट आणि द्यायची राहिलेली जिंकलेली रक्कम यांची बेरीज जास्त असेल तर तेवढी, राखीव ठेवावी लागते, रोख, लेटर ऑफ क्रेडिट, बॉण्ड अशा कुठल्यातरी रूपात. सगळा नियम ग्राहकाभोवती बांधलेला आहे. सही करणाऱ्या नातेवाइकाचा त्यात कुणी विचार केलेला नसतो, तो आपला आपण करायचा.

मग करायचं काय? तुम्ही 'सही करू की नाही म्हणू' असं दोनच दारं असल्यासारखं विचारलंय. मला मधे बरंच काही दिसतं.

सगळ्यात आधी तीन कागद मागवा आणि ते हातात येईपर्यंत हो-नाही काहीच बोलू नका: क्लबचं पत्र किंवा लायसन्सच्या अटी, बँक क्लबला जी गॅरंटी देणार आहे तिचा ड्राफ्ट, आणि बँकेचं सँक्शन लेटर. ड्राफ्टमध्ये बघा की गॅरंटी नेमकी कशासाठी आहे, नुसतं स्टॉलचं भाडं आणि फी, का पंटरचं देणं पण, का 'सर्व प्रकारची येणी' असा मोकळा शब्दप्रयोग आहे. रक्कम, शेवटची तारीख, क्लेम पिरियड, आपोआप रिन्यू होते का. गॅरंटीची मुदत संपत आली की 'मुदत वाढवा नाहीतर पैसे द्या' असं पत्र येण्याची पद्धत असते, तेव्हा तुम्ही नाही म्हणू शकता का, की फॉर्ममध्ये आधीच हो लिहून ठेवलंय, तेही बघा. ५००-१००० रुपये जास्त गेले तरी चालतील पण एखाद्या वकिलाला हे दाखवा. वकील कदाचित तुम्हाला १८६५ च्या जुन्या मुंबई कायद्याबद्दल सांगतील, की पैजेला जोडून केलेले करारही आपल्याकडे रद्दबातल ठरू शकतात आणि त्यावर भांडता येईल. येईलही, पण तोपर्यंत एफडी गेलेली असेल आणि भांडणारे तुम्ही असाल, बँक नाही. तेव्हा त्या भरवशावर सही नको.

कागद बघून तुम्हाला मदत करावीशी वाटली तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे पैसे आज भावाला कायमचे दिले असं समजून मी किती देऊ शकते? मला वाटतं तो आकडा १४ लाख नाहीये. तो ३ लाख असेल, ४ असेल. मग १४ लाखांच्या एफडीचे भाग करा, मोडताना व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे, आणि फक्त तेवढ्याच एफडीवर लियन द्या, पर्सनल गॅरंटी नाही, एका सीझनच्या गॅरंटीपुरतं, आणि रिन्यू करताना माझी नवीन लेखी संमती लागेल असं बँकेच्या पत्रात घालून घ्या. बँक नाही म्हणाली तर नाही म्हणू दे, दुसरी बँक बघता येते. किंवा त्याहून सोपं, तेवढे पैसे भावाला उसने द्या आणि त्याने त्याच्या नावाने एफडी करून तारण ठेवावी, म्हणजे तुमचा बँकेशी संबंधच येत नाही. ते खात्यातूनच द्या, २०,००० किंवा त्यावर रोख उसनं घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही, आणि चार ओळींचा कागद करा.

उरलेली रक्कम भावाने उभी करायची. जुने मालक वीस वर्षं त्याच्या कामावर कमावले, ते या गॅरंटीत काही ठेवायला तयार आहेत का? रेसकोर्सवरचाच कुणी पार्टनर आहे का? क्लब कमी सिक्युरिटीत लहान स्टॉल देतो का? निम्मी रक्कम आत्ता आणि निम्मी पुढच्या सीझनला असं चालतं का? एखादं वर्ष दुसऱ्या बुकीकडे काम करून ६ चे १० लाख करता येतील का? यातलं काहीच होण्यासारखं नसेल, धंदा जवळून ओळखणारा एकही माणूस पैसे लावायला तयार नसेल आणि फक्त घोडा कधी जवळून न पाहिलेली बहीणच तयार असेल, तर ते पण एक उत्तरच आहे.

एकापेक्षा जास्त जामीनदार असतील तर कलम १४६ प्रमाणे त्यांच्यात सारखी वाटणी होते, म्हणजे दुसऱ्या कुणी जामीनदाराची सही असेल आणि तुम्हाला जास्त भरावं लागलं तर त्याच्याकडून वाटा मागता येतो. भावाकडूनही कलम १४५ प्रमाणे भरपाई मागता येते, ते कायद्यात आहे, तरी लिहून घ्या, वहिनीच्या सहीसकट. लिहून घेणं म्हणजे अविश्वास असं त्याला वाटेल. त्याला सांगा की क्लबने त्याच्याकडून लिहून घेतलं, बँकेने लिहून घेतलं, त्यात त्याला अपमान वाटला नाही.

भावाशी बोलायचं कसं, तर फोनवर नको आणि वहिनीसमोर पण पहिल्यांदा नको. तो आला की जेवण झाल्यावर त्याला त्याच्या धंद्याचा हिशोब मांडायला सांगा, एका वाईट दिवसाचा हिशोब, चांगल्या दिवसाचा नको. किती रकमेपर्यंत बेट घेणार, भार कुणाकडे उतरवणार, टॅक्सचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवणार का, उधारीवर घेणार का. वीस वर्षं काम केलेला माणूस ही उत्तरं सहज देऊ शकतो आणि त्याला बोलायला आवडेलही, आजवर घरच्या कुणी त्याला त्याच्या कामाबद्दल असं विचारलंय का देव जाणे, सगळ्यांनी नुसतं जुगार म्हणूनच नाक मुरडलं असेल. मग सांगा, मी तुला इतके देईन, इतकेच देईन, आणि गॅरंटर म्हणून सही करणार नाही. कारणं देत बसू नका. तो दोन महिने बोलणार नाही कदाचित. भाऊबीजेला येईल.

आणि हे मात्र उद्याच्या उद्या करा. तुम्ही सही केलेला फॉर्म कसला होता ते बँकेत जाऊन विचारा, त्याची कॉपी मागा. नुसता अर्ज किंवा केवायसी असेल तर काळजी नाही, पण गॅरंटीचा किंवा लियनचा फॉर्म असेल तर ब्रँच मॅनेजरच्या नावाने साधं पत्र द्या की माझी संमती मी मागे घेतेय, माझ्या लेखी परवानगीशिवाय माझ्या एफडीवर लियन लावू नये आणि माझ्या जामिनावर कुठलीही गॅरंटी इश्यू करू नये. दोन प्रती न्या, एकीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या. गॅरंटी अजून इश्यू झाली नसेल तर हे सहज होतं, एकदा ती क्लबच्या हातात पडली की मुदत संपेपर्यंत मागे घेता येत नाही, म्हणून घाई करा. पावती कुणालाही देऊ नका, 'नुसती झेरॉक्स काढून आणतो' म्हटलं तरी नाही. आणि घरी आल्यावर नेट बँकिंग किंवा पासबुकात एफडीसमोर लियन अमाउंट शून्य दिसतेय ना ते बघून घ्या. दिसत नसेल तर बँकेकडून लेखी घ्या आणि मला परत लिहा.